आधी हँगर, मग माहितीपत्रक

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतले एक शेजारी तीन गुळगुळीत माहितीपत्रकं हातात घेऊन आमच्याकडे आले. बरोबर त्यांची मुलगी होती. नुकतीच बारावी झालेली, फिजिक्स आणि गणितात उत्तम गुण. "काका, हिला पायलट व्हायचंय," त्यांनी सांगितलं. त्या सुरात अभिमान जास्त होता की धास्ती, ते मला नीट कळलं नाही. "तुम्ही बँकेत होतात, अशी कर्जप्रकरणं पाहिली असतील. यातली कुठली शाळा घ्यावी?" मुलीचा प्रश्न वेगळा होता. तिने विचारलं, "आजोबा, शिकायला सेसना बरं की डायमंड?"

सुरुवातीलाच कबूल करतो, मी विमान कधी चालवलेलं नाही. प्रवासी म्हणून बसलो तरी चाकं जमिनीला टेकेपर्यंत माझी मूठ सुटत नाही. पण शेजाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी पूर्वी एकदा दिलं आहे. ते चुकलं होतं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. आज घरोघरी असे वडील आणि अशा मुली आहेत. वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण जगात जेवढं आहे, त्याच्या दुपटीहून जास्त आपल्या देशात आहे, ही अभिमानाची गोष्ट. म्हणून जे मला उशिरा कळलं ते चारचौघांसमोर मांडावं असं वाटलं.

म्हैस पाहिली, विमान नाही

२००७ सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. नव्या नव्या विमान कंपन्यांचे दिवस होते. वर्तमानपत्र उघडावं तर विमान खरेदीच्या बातम्या आणि वैमानिकांचा तुटवडा असल्याची ओरड. अशात हायस्कूलमधले एक गुरुजी मुलाच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी कर्ज मागायला आले. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागे. गुरुजींनी राहतं घर तारण दिलं. कागदपत्रं चोख होती, संस्थेला सरकारी मान्यता होती आणि माहितीपत्रकात निळ्या आभाळाखाली चार पांढरी विमानं ओळीने उभी होती. मी शिफारस लिहिली, वरून मंजुरी आली.

त्याच महिन्यात एका शेतकऱ्याच्या दोन म्हशींच्या कर्जासाठी मी मोटरसायकलवरून चौदा किलोमीटर धूळ खात गेलो होतो. म्हशी गोठ्यात आहेत का, कानात विम्याचा बिल्ला आहे का, दूध किती देतात, वैरण कुठून येते, सगळं पाहून आलो होतो. कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये जाऊन कोंबड्या मोजणारा अधिकारी अशी माझी ख्याती होती. विमानाच्या कर्जाला मात्र मला फोटो पुरला.

मुलगा तिथे पोचला तेव्हा कळलं की चारपैकी एकच विमान उडत होतं. दुसरं इंजिनाची वाट पाहत होतं. तिसऱ्याचे भाग काढून पहिल्याला लावले जात होते आणि चौथं तिथे नव्हतंच. दीड वर्षाचा म्हणून सांगितलेला अभ्यासक्रम साडेतीन वर्षं चालला. मध्ये २००८ ची मंदी येऊन गेली. परवाना हातात पडला तेव्हा भरतीचा ओघ आटला होता. पाठोपाठ २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. हजारो तास उडालेले वैमानिकच नोकरीसाठी दारोदार फिरू लागले, तिथे दोनशे तासांच्या पोराला कोण विचारणार? गुरुजींनी निवृत्तीच्या पैशातून कर्ज फेडलं. घर राहिलं, पण गावाकडची जमीन गेली. मुलगा आज एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो आणि चांगलं शिकवतो. गुरुजी मला एका शब्दानेही बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की "साहेब, बरे आहात ना?" एवढंच विचारत. त्या प्रश्नाला सरळ उत्तर देणं मला कधी जमलं नाही.

दोनशे तासांचं गणित

भारतात पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. त्याआधी एकच वर्ष, १९२८ मध्ये, मुंबईचा फ्लाइंग क्लब सुरू झाला होता. तेव्हा विमान चालवणं ही धनिकांची हौस होती. आता तो मध्यमवर्गाच्या मुलामुलींचा पोटापाण्याचा विचार झाला आहे. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया ही नावं या प्रशिक्षणाशी जोडली गेली. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर ३४ विमानांची प्रशिक्षण संस्था काढण्याची घोषणा केली. पर्याय वाढले हे चांगलंच झालं. पण पर्याय वाढले की निवडण्याची जबाबदारीही वाढते.

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विद्यार्थ्याने स्वतः कप्तान म्हणून केलेले हवेत. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची उड्डाणं हवीत, आणि त्यात ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीची उड्डाणंही हवीत. हे सगळं पन्नास लाखांच्या पुढे जातं. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांमधून गेलं तर आकडा कोटीच्या आसपास पोचतो. आणि परवाना मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. कंपनीचं मोठं विमान चालवायचं तर त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याचे लाखो रुपये वेगळे.

आता बँकेतला साधा हिशेब करू. समजा संस्थेत ३० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाचे २०० तास म्हणजे ६००० तास झाले. समजा चार विमानं रोज उडण्याजोगी आहेत आणि पाऊस, वारा, दुरुस्ती, सुट्ट्या जाऊन प्रत्येक विमान महिन्याला ६० तास उडतं. म्हणजे महिन्याला २४० तास. सहा हजारांना दोनशे चाळीसने भागलं की २५ महिने येतात. चारपैकी दोनच विमानं उडत असतील तर ५० महिने. माहितीपत्रकात 'अठरा महिने' छापलेलं असतं. चौथीतल्या मुलाला येईल असा हा भागाकार, पण पन्नास लाख भरण्यापूर्वी तो करणारे पालक थोडे. विद्यार्थी किती आणि रोज उडणारी विमानं किती, हा पहिला प्रश्न. 'मालकीची विमानं किती' हा प्रश्न निराळा आहे, त्याच्या उत्तराने फसू नये.

हे गणित आता सरकारलाही महत्त्वाचं वाटू लागलं आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ज्याला आपण डीजीसीए म्हणतो, २०२५ च्या सप्टेंबरअखेर प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली. विद्यार्थ्यांमागे विमानं किती, प्रशिक्षक किती, सुरक्षिततेचा इतिहास काय, अशा निकषांवर ती बेतली होती. सर्वांत वरच्या दोन श्रेणींत तेव्हा एकही संस्था बसली नाही. ही यादी पालकांनी जरूर पाहावी, आणि नुसतं नाव नव्हे तर श्रेणी पाहावी. पण यादी हा सात-बारा झाला. जमीन पाहायला शेतावर जावंच लागतं.

सेसना की डायमंड?

मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तो बालिश नाही. वैमानिक मित्रांशी बोलून मला जेवढं उमगलं तेवढं सांगतो.

आमच्या तरुणपणी फ्लाइंग क्लबांत हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेली 'पुष्पक' विमानं असत, दोन आसनांची, कापड ताणून मढवलेली. मग सेसना रुळली. सेसना १५२ हे दोन आसनी, ११० अश्वशक्तीचं. त्याचं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं, म्हणजे कुठे दिसलं तर ते चाळिशी गाठलेलं आहे असं समजावं. विमानाचं वय हा काही दोष नाही. विमानाची तपासणी उड्डाणाच्या तासांवर ठरते आणि नीट राखलेलं जुनं विमान हयगय झालेल्या नव्यापेक्षा कितीतरी भलं. सेसना १७२ हे चार आसनी. १९५० च्या दशकापासून ४४ हजारांहून अधिक बनली. पंख डोक्यावर, त्यामुळे खालची जमीन स्वच्छ दिसते. स्वभाव शांत, चुका पोटात घालणारं.

पायपरच्या विमानांचे पंख खाली असतात. एक बारकावा सांगतो. सेसना १७२ मध्ये दोन्ही पंखांतल्या टाक्यांतून एकदम इंधन घेता येतं. पायपरमध्ये डावी किंवा उजवी अशी एकच टाकी चालू ठेवावी लागते आणि ठरावीक वेळाने आठवणीने बदलावी लागते. कुणी म्हणेल कटकट. एक जुने प्रशिक्षक मला म्हणाले, ही कटकटच शिस्त लावते. डायमंड डीए-४० हे तंतूंच्या संमिश्र साहित्याचं, लांब सडपातळ पंखांचं. त्याचा जो प्रकार डिझेल जातीच्या इंजिनावर चालतो त्याला मोठ्या विमानांचंच इंधन लागतं. सेसना आणि पायपरच्या नेहमीच्या इंजिनांना मात्र 'एव्हगॅस' हे खास पेट्रोल लागतं. ते आपल्याकडे बाहेरून येत असे. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये बडोद्याच्या कारखान्यातून देशी एव्हगॅस आणलं. तरीही 'इंधन नाही म्हणून उड्डाण नाही' असे दिवस वर्षात किती आले, हे संस्थेला विचारण्यात गैर काही नाही.

आणि पडदे? नव्या विमानांत गोल तबकड्यांच्या जागी दोन मोठे पडदे असतात. मोठ्या विमानांतही तेच असल्यामुळे मुलांना त्यांचं आकर्षण वाटतं आणि माहितीपत्रकात त्यांचाच फोटो मोठा असतो. त्यांचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण पहिल्या पन्नास तासांत मुलीला शिकायचं असतं ते खिडकीबाहेर पाहून क्षितिज धरणं, कानाने इंजिन ऐकणं आणि धावपट्टीवर हलक्या हाताने उतरणं. ते तबकडीच्या विमानात येतं आणि पडद्याच्या विमानातही येतं. हँगरमध्ये झाकून ठेवलेल्या विमानात मात्र येत नाही.

माझं उत्तर मी मुलीला असं दिलं. बाळ, सेसना की डायमंड याने फार फरक पडत नाही. एकाच जातीची पुष्कळ विमानं असलेली संस्था बरी. पाच जातींची पाच विमानं असली की एक बिघडलं तर दुसरं शिकण्यात तुझे तास जातात, सुटे भाग निराळे, तंत्रज्ञही निराळे. इंजिनाला साधारण २००० तासांनी पूर्ण खोलून नवं करावं लागतं. तेव्हा बदली इंजिन तयार आहे का, की विमान महिनोन्महिने उभं राहणार, ते विचार. आणि शेवटचे काही तास दोन इंजिनांच्या विमानावर करायचे असतात. ते विमान बहुतेक ठिकाणी एकच असतं आणि ते बंद पडलं की तयार झालेली मुलं दारात अडकून पडतात.

शिकवणारा आणि आकाश

यंत्रानंतर माणूस. प्रशिक्षकांची एक अडचण समजून घ्यावी. अनेक तरुण प्रशिक्षक स्वतःचे तास वाढवण्यासाठी शिकवतात. विमान कंपनीचं बोलावणं आलं की निघून जातात. त्यात त्यांचा दोष नाही. पण सहा महिन्यांत तीन प्रशिक्षक बदलले तर विद्यार्थी प्रत्येक वेळी मागे जातो, कारण नवा माणूस आधी त्याला नव्याने तपासतो. मुख्य प्रशिक्षक किती वर्षं तिथे आहेत, हे विचारावं. आणि एक प्रश्न जरूर विचारावा, "हवा वाईट म्हणून तुम्ही शेवटचं उड्डाण कधी रद्द केलंत?" ज्याला लगेच आठवतं तो माणूस भरवशाचा.

हवेचं म्हणाल तर प्रत्येक गावाचं आपलं दुखणं असतं. आपल्याकडे पावसाळा महिने खातो. उत्तरेत हिवाळ्यातलं धुकं खातं. रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची नामांकित अकादमी आहे. तिलाही उड्डाणाचे तास वाढावेत म्हणून २०२१ मध्ये आपल्या गोंदियाहून उड्डाणं करायची मुभा देण्यात आली होती. जिथे प्रवासी विमानं सतत येतात तिथे लहान विमानाला थांबावं लागतं, आणि थांबलेल्या विमानाचं मीटर चालू असतं. इंजिन सुरू झाल्यापासूनचे पैसे लागतात की चाकं उचलल्यापासूनचे, हे विचारलं नाही तर पुढे वादाला जागा राहते.

हे सगळं मी पैशाच्या अंगाने सांगतो आहे, पण यात जिवाचा प्रश्न आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांत, बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं पडली. नशिबाने प्राणहानी झाली नाही. डीजीसीएने संस्थेची मान्यता निलंबित केली. त्याआधी २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढलेले वैमानिक सापडले होते आणि राजस्थानात न उडता लॉगबुकात तास चढवल्याचं प्रकरण गाजलं होतं. आपल्या मुलीचे तास कुणी झटपट 'करून देतो' म्हणालं तर तिथून उठावं. तो खोटा तास पुढे कधीतरी, पावसाळी रात्री, पाठीमागे दीडशे माणसं बसलेली असताना कमी पडतो.

पैसे टप्प्याटप्प्याने

घरबांधणीच्या कर्जात बँक सगळी रक्कम एकदम देत नाही. पाया झाला की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा. हाच नियम इथे लावावा. पहिलं एकट्याने केलेलं उड्डाण, पन्नास तास, शंभर तास, दोन इंजिनांचं विमान, अशा टप्प्यांवर पैसे. 'सगळी फी आगाऊ भरा, मोठी सूट देतो' असं म्हणणाऱ्याला बहुधा तुमच्या पैशातून मागच्या विद्यार्थ्याचं इंधन भरायचं असतं. सोडून जायचं ठरलं तर परतावा किती आणि दोनशेच्या वर तास लागले तर दर काय, हे लेखी घ्यावं.

आणि त्याही आधी दोन कामं. पहिलं, वैद्यकीय तपासणी. शिकायला सुरुवात करताना दुसऱ्या वर्गाचा दाखला पुरतो, पण व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाचा लागतो. तो पैसे भरण्यापूर्वीच काढून घ्यावा. डोळ्यांतला रंगदोष किंवा कानाची तक्रार अर्धे पैसे भरल्यावर कळण्यासारखं दुःख नाही. दुसरं, लेखी परीक्षा. दिशादर्शन, हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक ज्ञान, आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. त्या जमतील तेवढ्या आधी देऊन टाकाव्यात. स्वच्छ हवेचे दिवस मोजके असतात, ते पुस्तकांवर खर्चू नयेत.

कर्ज घ्या, पण हप्ते पगारातून जातील हे गृहीत धरू नका. आकाशाचा धंदा लाटांचा आहे. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट. भरतीच्या लाटेत शिकायला गेलेला विद्यार्थी ओहोटीत बाहेर येऊ शकतो. दोन वर्षं नोकरीविना हप्ता भरता येईल का, याचं उत्तर 'नाही' असेल तर एक वर्ष थांबावं, पदवीला नाव घालावं. विमानं कुठे पळून जात नाहीत.

परवा मी शेजाऱ्यांबरोबर एका संस्थेत जाऊन आलो. या वेळी सकाळी सातला, न कळवता. कार्यालयात सोफे होते, चहा आला, पुन्हा तेच माहितीपत्रक आलं. मी म्हटलं, हँगर बघू. त्यांनी दाखवला, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. सात विमानं होती. दोन धावपट्टीकडे निघाली होती, एकाचं इंजिन उघडून दोन तंत्रज्ञ काम करत होते. उरलेल्यांपैकी दोघांच्या टायरखाली गवत उगवलं होतं. मुलीने ते माझ्याआधी पाहिलं. मग फाटकाबाहेरच्या टपरीवर गणवेशातली चार मुलं चहा पीत होती, त्यांच्यापाशी गेलो. खरं उत्तर मिळतं ते इथेच. मी एकच विचारलं, "गेल्या महिन्यात किती तास उडालात?" एक म्हणाला बावीस, दुसरा सोळा. तिसरी मुलगी हसून म्हणाली, "काका, मी चार."

आमच्या मुलीने वहीत तिन्ही आकडे लिहून घेतले. परतीच्या वाटेवर ती फारसं बोलली नाही. घाटात गाडी थांबवली तेव्हा म्हणाली, "आजोबा, अजून दोन ठिकाणी जाऊ या. तिथेही टायर बघू." तिच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मला मात्र गुरुजी आठवले. २००७ मध्ये त्यांच्या मुलाला घेऊन असा एक दिवस मी काढला असता, तर लागला असता फक्त एका रजेचा अर्ज.